हवेतलं पाणी

मला कविता येत नाही. मोर्चात घोषणा देता येतात, पण तेवढ्यानं अंक भरत नाही. पोरं म्हणाली, काका, तुम्ही तुमच्या कामाचं लिहा. माझं काम म्हणजे कॉम्प्रेसर. चाळीसेक वर्षं हवा दाबली आणि तिच्यातलं पाणी काढलं. त्याचं काय लिहायचं? तरी लिहितो. कारण त्या पाण्यानं माझी एक नोकरी गेली आहे, आणि ती कशी गेली ते आपल्या पोरांना ठाऊक असावं. तुमच्यातले कितीतरी जण आज सातपूर-अंबडला कंत्राटावर उभे आहेत.

हवेत पाणी असतं हे आयटीआयच्या पुस्तकात होतं. पण पुस्तकातलं खरं वाटत नाही. खरं वाटलं ते पहिल्या दिवशी, सातपूरच्या कारखान्यात. फिटरनं मला टाकीपाशी नेलं. टाकीच्या बुडाशी पितळी कॉक. म्हणाला, "उघड." मी उघडला. सात किलोच्या दाबानं पाणी बाहेर आलं. गढूळ, पांढरट, तेलकट. ताकात कुणी ग्रीस घुसळावं तसं. बूट भिजले, पँट भिजली. फिटर हसला. "हे तुझं काम. दर तासाला. सकाळी आल्यावर पहिलं, जाताना शेवटचं."

मी विचारलं, टाकीत पाणी कोण भरतं?

"कोणी नाही. हवेतून येतं."

घरी येऊन आईला सांगितलं. आई तेव्हा निफाड तालुक्यात द्राक्षाच्या बागेत रोजानं जायची. थंडीत पहाटे, अंधारातच. वेलीखाली वाकून घड औषधात बुडवायचे, कोपरापर्यंत हात ओले. पानावरचं दव अंगावर पडून पाठ ओली. दव किती वाजता पडतं, कुठल्या रात्री पडत नाही, ते कुठल्या बागायतदारापेक्षा तिला जास्त कळायचं. आभाळ आलं की म्हणायची, आज दव नही पडायचं. पानं ओली राहिली की डावणी येते, डावणी आली की बाग जाते, बाग गेली की रोज जातो. एवढं तिचं शास्त्र. तिनं माझं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हवेतून पाणी काढतो म्हणतो, मंग गावाला का देत नही ते?"

मी म्हटलं, पिता येत नाही. तेलाचं असतं.

"व्हय. आपल्या वाट्याला येतं ते असलंच."

आता जरा यंत्राचं सांगतो. ते सांगितल्याशिवाय पुढची भानगड कळणार नाही.

हवा म्हणजे कोरडी वस्तू नव्हे. तिच्यात बाष्प असतं, आणि ते किती मावेल ते गरमीवर ठरतं. तीस डिग्रीच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे तीस ग्रॅम पाणी मावतं. दहा डिग्रीला नऊच्या आसपास. तीन डिग्रीला सहाच ग्रॅम. हवा थंड करत गेलं की एका ठिकाणी ती म्हणते, आता बस, आणि पाणी टाकायला लागते. ज्या तपमानाला टाकते तो दवबिंदू. पहाटे द्राक्षाच्या पानावर होतं तेच.

कॉम्प्रेसर करतो काय, आठ घनमीटर हवा एकात कोंबतो. पाणी आठांचं, जागा एकाची. दाबताना हवा तापते म्हणून तेव्हा पाणी सुटत नाही. पुढं आफ्टरकूलरमध्ये आणि टाकीत ती गार होते तेव्हा सुटतं. जे तिथं सुटत नाही ते हवेबरोबर पाइपात जातं आणि पुढं कुठंही सुटतं : सिलिंडरमध्ये, व्हॉल्व्हमध्ये, स्प्रे गनच्या तोंडातून थेट रंगात. सिलिंडर गंजतो. रंगाला फोड येतात. म्हणून मध्ये ड्रायर बसवतात. आमच्याकडं गॅसवर गार करणारा होता, घरच्या फ्रिजसारखाच. हवा तीन डिग्रीपर्यंत गार करायची, सुटलेलं पाणी खालच्या ट्रॅपमधून बाहेर टाकायचं, मग ती हवा परत कोमट करून लाइनीत सोडायची. त्याखाली नेत नाहीत, कारण शून्याला बर्फ होतो आणि नळ्या बुजतात.

एवढंच शास्त्र आहे. माणसाला वाटतं यंत्राचं काम फार अवघड असतं. अवघड माणसं असतात.

१९८७ चा पावसाळा. मी हेल्पर, टेंपररी. तेव्हाचा नियम तुम्हाला माहीत असेल : २४० दिवस सलग भरले की कायद्यानं कामगाराला आधार मिळतो. म्हणून २४० भरू द्यायचे नाहीत. आधीच ब्रेक द्यायचा, महिन्यानं नव्या कार्डावर परत घ्यायचा. माझे दिवस भरत आले होते. कायम करतील अशी बोलवा होती, कारण कॉम्प्रेसर रूममध्ये कोणी टिकत नव्हतं. कानाचे पडदे फाटतील असा आवाज, आणि उकाडा.

कँटीनमध्ये एक माठ होता. वेगळा ग्लास वगैरे काही नव्हता, खोटं सांगणार नाही. सगळ्यांना एकच माठ, एकच ओगराळं. फक्त मी पाणी घेतलं की मागचे तीन-चार जण माठ सोडून बाहेरच्या नळावर जायचे. कोणी बोलायचं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं, मी भांडलो असतो. नळावर जाणाऱ्याशी भांडायचं कसं? त्याला नळाचं पाणी आवडतं म्हणेल. महाडला १९२७ मध्ये बाबासाहेबांनी तळ्यावर जाऊन पाणी घेतलं तेव्हा समोर निदान लाठ्या तरी होत्या. इथं साठ वर्षांनी समोर नुसत्या पाठी.

तर ऑगस्टमध्ये पेंट शॉपात माल बाद व्हायला लागला. पत्र्यावर रंग मारला की टाचणीच्या टोकाएवढी भोकं, बारीक फोड. रंगवाला म्हणाला हवेत पाणी येतंय. रुमाल धरला लाइनीसमोर, ओला झाला. सुपरवायझर सरळ माझ्याकडं आला. सगळ्यांसमोर म्हणाला, "हा ड्रेन मारत नाही. बसून राहतो. ह्या लोकांना काम नको, सवलती पाहिजेत."

मी सवलतीनं तिथं गेलो नव्हतो. खाजगी कारखान्यात कसली सवलत? पण त्या वाक्याला पुरावा लागत नाही. ते वाक्य तयारच असतं, फक्त प्रसंगाची वाट बघत असतं. संध्याकाळी मेमो मिळाला. कामात हयगय, मालाचं नुकसान, अठ्ठेचाळीस तासांत खुलासा करा.

खुलासा काय करायचा? मी ड्रेन मारतो हे सांगायचं तर साक्षीदार कोण? युनियनचा पुढारी म्हणाला, "माफी लिहून दे. विषय संपेल." तो माणूस वाईट नव्हता. पण माफी हा त्याला सगळ्यात स्वस्त उपाय वाटला, कारण ती त्याला द्यायची नव्हती.

माझा आजा मनमाडला रेल्वेत गँगमन होता. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला अस्पृश्य रेल्वे कामगारांची परिषद झाली, बाबासाहेब अध्यक्ष. आजा सांगायचा, आम्ही मागं उभं राहून ऐकलं. कामगाराचे दोन वैरी, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, हे बाबासाहेब तिथंच बोलले. आपल्या जिल्ह्यात बोलले. हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. पण त्याच भाषणात त्यांनी फार बारीक गोष्टी मांडल्या, त्या कोणी सांगत नाही. रेल्वेत आपला माणूस गँगमनच का राहतो, पोर्टर का होत नाही? तर पोर्टरकडून स्टेशनमास्तर घरची कामं करून घेतो, आणि आपला माणूस घरात चालत नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात पगार जास्त, तिथं आपल्याला मज्जाव. का? तर धोट्यातली कांडी बदलली की सूत धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यावं लागायचं. थुंकी लागायची. आपली थुंकी लागलेला धोटा दुसरा तोंडात कसा धरणार! १९२८ च्या संपाच्या वेळीही बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांसमोर ठेवला होता.

मी हवेतल्या ओलाव्याचा धंदा केला म्हणून मला यात एक गोष्ट दिसते. सूत कोरडं पडलं की तुटतं. म्हणून विणकाम खात्यात मुद्दाम हवा दमट ठेवायचे, वाफ सोडायचे. म्हणजे ओलावा पाहिजेच होता. वाफेचा चालत होता. आमच्या तोंडाचा नको होता.

तर मी माफी लिहून दिली नाही. वही घेतली. शंभर पानी, साधी. एक पत्र्याची बादली घेतली आणि तिच्यात आतून लिटरच्या खुणा केल्या. दर तासाला कॉकखाली बादली लावून पाणी काढायचं, फेस बसू द्यायचा, खूण बघायची, वहीत वेळ आणि आकडा लिहायचा. आफ्टरकूलरखालचं आणि टाकीतलं मिळून शिफ्टला बाविसेक लिटर येत होतं.

पण बावीस हे जास्त की कमी? यासाठी हवेत मुळात किती होतं ते पाहिजे. मी आयटीआयच्या सरांकडं गेलो. सरांनी दोन थर्मामीटर दिले. एकाच्या फुग्याला ओली मलमल गुंडाळायची, दुसरा कोरडा ठेवायचा. हवा जितकी कोरडी तितकं मलमलीचं पाणी उडतं आणि ओला थर्मामीटर खाली जातो. हवा दमट असली की दोघांत फरक राहत नाही. आमच्या कॉम्प्रेसर रूमच्या खिडकीत कोरडा अठ्ठावीस दाखवायचा, ओला सव्वीस. सरांनी तक्ता बघून सांगितलं, हवा पंच्याऐंशी टक्के भरलेली आहे. मग स्टीम टेबल उघडलं आणि बेरीज-गुणाकार दाखवला. स्वतः केला नाही, माझ्याकडून करवून घेतला. आज त्याबद्दल त्यांचे उपकार वाटतात.

हिशेब असा. आमचा कॉम्प्रेसर शंभर सीएफएमचा, म्हणजे तासाला एकशे सत्तर घनमीटर हवा आत ओढणार. लाइनीला इतकी गळती की तो कधी अनलोड व्हायचाच नाही. घनमीटरला तेवीस ग्रॅम पाणी धरलं तर आठ तासांत एकतीस लिटर. दोन हंडे पाणी! आईनं डोक्यावरून आणलं असतं तर दोन खेपा. त्यातलं बावीस माझ्या बादलीत. उरलं नऊ. टाकीतली हवा चाळीस डिग्रीची होती. त्या गरमीत, त्या दाबात हवेबरोबर पुढं किती जाईल ते काढलं, साडेआठ-नऊच आलं. म्हणजे टाकीपर्यंतचा हिशेब चोख. ड्रायरनं तीन डिग्रीपर्यंत गार केलं तर लाइनीत लिटरभरसुद्धा जायला नको. म्हणजे ड्रायरच्या ट्रॅपमधून शिफ्टला आठेक लिटर पाणी बाहेर पडलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी मी ट्रॅपखाली डबा लावला. आठ तासांत पेलाभर पाणी.

आठ लिटर पाणी गायब. ते कुठं गेलं हे रंगावरचे फोड सांगत होते.

वही घेऊन सुपरवायझरकडं गेलो. त्यानं आकडे बघितलेच नाहीत. वही बंद करून म्हणाला, "तुला मोजायला कोणी सांगितलं?"

मित्रांनो, त्या वाक्याचा मी फार वर्षं विचार केला. पाणी काढायचं काम माझं. त्यात भिजायचं काम माझं. हयगयीचा आरोप माझा. पण मोजणं माझं नाही. मोजणारा वेगळा असतो. त्यानं मला ड्रायरच्या पॅनेलवरचा काटा दाखवला. "बघ, तीन डिग्री. ड्रायर बरोबर चाललाय. मशीन खोटं बोलतं का?"

मशीन खोटं बोलत नव्हतं. तो काटा गॅसच्या नळीचं तपमान दाखवतो, हवेचा दवबिंदू नाही. नळी तीन डिग्री गार होती. तिच्यावर पाणी सुटतही होतं. पण खालचा ट्रॅप बुजलेला, म्हणून सुटलेलं पाणी तिथंच साठायचं, आणि हवा ते थेंब उचलून पुढं न्यायची. पुढं हवा कोमट होताना थेंबांचं परत बाष्प. म्हणजे सगळं केल्यासारखं आणि काहीच न केल्यासारखं. हे तेव्हा मला इतकं नीट सांगता आलं नाही. मी एवढंच म्हटलं, साहेब, ट्रॅप उघडून बघू. तर दुसरा मेमो. परवानगीशिवाय यंत्राशी छेडछाड.

मी मोजत राहिलो. बारा दिवस.

तेराव्या दिवशी ज्या मोठ्या कंपनीला आमचा माल जायचा तिथून एक इंजिनियर आला. माल परत जात होता म्हणून आला. त्याच्याजवळ पेटीत दवबिंदू मोजायचं मीटर होतं. मी पहिल्यांदा बघितलं. आत आरसा असतो, एवढासा. त्याच्यावर हवा सोडतात आणि आरसा गार गार करत नेतात. ज्या क्षणी त्यावर दव धरतं त्या क्षणी प्रकाश विखुरतो आणि आकडा मिळतो. लाइनीच्या दाबातच मोजलं. पॅनेल तीन म्हणत होतं, आरसा सोळा म्हणाला.

इंजिनियरनं विचारलं, ड्रेनची नोंद कोणी ठेवतं का? कोणी बोलेना. मी वही पुढं केली. त्यानं उभ्या उभ्या चार पानं वाचली आणि म्हणाला, "ट्रॅप उघडा." उघडला. आत गंज आणि तेल मिळून काळी लापशी. तरंगणारा गोळा तिच्यात रुतून बसलेला. साफ करायला दहा मिनिटं लागली. दुपारपर्यंत आरसा चारवर आला.

मला वाटलं, झालं. मेमो मागं घेतील. मॅनेजर म्हणाला, ठीक आहे, विसरून जा. मी म्हटलं, लेखी द्या. आरोप लेखी, तर सुटकाही लेखी. इंजिनियर तोपर्यंत पेटी घेऊन गेला होता. मॅनेजरनं माझ्याकडं बघितलं, रागानं नाही, जरा नवल वाटल्यासारखं. २३४ व्या दिवशी मला ब्रेक मिळाला. परत बोलावणं आलं नाही.

युनियनचा पुढारी भेटला तेव्हा म्हणाला, लेखी मागायला नको होतं. असेल. मी अजूनही ठरवू शकलेलो नाही. घरात आई होती, धाकटी बहीण शाळेत होती. दोन वर्षं हातावरच्या कामावर काढली. वहीनं पोट भरत नाही.

पुढं दुसरीकडं लागलो, तिथंच रिटायर झालो. तिथं हवा जास्त कोरडी लागायची, दाबाखाली उणे चाळीस दवबिंदू. तिथं गार करून भागत नाही. दोन उभ्या टाक्या असतात, आत ॲल्युमिनाचे पांढरे दाणे. एक टाकी पाणी शोषते तोवर दुसरी वाळते. दाणे भिजले का ते कळायला काचेआड थोडी निळी सिलिका जेल ठेवायचे, ओली झाली की गुलाबी. निळं गुलाबी झालं की माझा जीव खालीवर व्हायचा. आता तो निळा रंग फारसा वापरत नाहीत, त्यातलं कोबाल्ट अंगाला वाईट.

तिथं मला एक गोष्ट कळली, ती तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. मीटरला हवा न्यायला आम्ही रबरी नळी जोडली. आकडा उणे अठ्ठावीसच्या खाली जाईना. ड्रायरवर ड्रायर तपासले. शेवटी मीटरबरोबरचं पुस्तक वाचलं, नळी बदलून स्टेनलेसची लावली. दोन तासांत उणे एक्केचाळीस. दोष नळीचा. रबराच्या आरपार बाहेरचा ओलावा आत येत होता. आत सात किलोचा दाब, बाहेर काहीच नाही, हवा भोकातून बाहेरच जाणार. तरी पाणी आत येतं! कारण बाष्प हवेचा दाब बघत नाही, स्वतःचा बघतं. बाहेर ते जास्त, आत जवळजवळ नाही, म्हणून ते उलट्या प्रवाहात घुसतं. नळी फुटलेली लागत नाही. भिंतीतून येतं.

मला तो माठ आठवला. आपण समजत होतो, कारखाने आले, कायदा आला, एका यंत्रावर एका पगारात माणसं उभी राहिली, आता आतल्या दाबानं गावची घाण बाहेर फेकली जाईल. आम्ही तर त्यासाठीच गाव सोडलं. पण ती घाण तिच्या स्वतःच्या दाबानं चालते. शिफ्टबरोबर, डब्याबरोबर, आडनाव विचारण्याबरोबर आत येते. नळी कशाची आहे ते तपासायला हवं होतं. आम्ही ड्रायरच तपासत बसलो.

आजकाल सगळं आपोआप झालं आहे. ट्रॅप घड्याळावर उघडतो, दवबिंदू भिंतीवर लाल आकड्यात दिसतो. चांगलं आहे, पोरांचे बूट भिजत नाहीत. पण कंत्राटावरच्या हेल्परला तो आकडा काय सांगतो हे अजून कोणी सांगत नाही. परवा आमच्या वस्तीतल्या एका पोराला विचारलं, तर म्हणाला, साहेब बघतात ते. मी त्याला दोन थर्मामीटरांचा हिशेब शिकवतो आहे. तो रविवारी येतो. मलमल त्याच्या आजीच्या लुगड्याची.

आणि ट्रॅपमधून ते तेलाचं पाणी पुढं कुठं जातं तेही बघा. आमच्या वेळी कारखान्यामागच्या नाल्यात जायचं, नाला नासर्डीत. नासर्डीच्या काठाला कोणाच्या झोपड्या आहेत ते तुम्हाला सांगायला नको. तेल वेगळं काढायची यंत्रं आहेत, महाग नाहीत. विचारा, बसवलंय का म्हणून. मोजायला कोणी सांगितलं असं विचारतील.

दोन्ही मेमो माझ्याकडं आहेत. वहीही आहे. बादलीतलं पाणी उडून पानांवर तेलाचे डाग पडलेत, पण आकडे वाचता येतात. उजवीकडं मी एक रकाना आखला होता, सुपरवायझरच्या सहीसाठी. शेवटची नोंद ट्रॅप साफ झाला त्याच्या दुसऱ्या दिवशीची : टाकी व आफ्टरकूलर २२ लिटर, ड्रायर ट्रॅप साडेसात लिटर. पुढं रकाना कोरा.